माहूरच्या आवाजाची तबकडी

पैनगंगेच्या काठाशी, जेथे मराठवाड्याचा मुलूख संपून वऱ्हाडचा सुरू होतो, तेथे रेणुकामाता, अनसूयामाता आणि दत्तप्रभू यांची स्थाने निरनिराळ्या शिखरांवर धारण करून माहूरचा डोंगर उभा आहे. आणि शारदीय नवरात्रात किंवा मार्गशीर्षातील दत्तजयंतीस तेथे जो यात्रेकरू येई, तो पायऱ्यांलगतच्या दुकानांतून कुंकू, बांगड्या, खण आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल यांच्यासमवेत देवीच्या गाण्यांची एखादी तबकडीही घरी नेई, असा काळ फार जुना झालेला नाही. प्रथम कॅसेटींच्या चळती आल्या, त्यांची जागा सीडींनी घेतली, आणि आता त्याच व्यवसायातील माणसे मेमरी कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात. मधल्या त्या सीडीचा परिचय करून द्यावा, असे मला अगत्याने वाटते. कारण माहूरच्या परंपरेतील जो आवाज बाजारात कधीच विकला गेला नाही, तो आज पुष्कळ घरांत केवळ तिच्याच आश्रयाने शिल्लक आहे.

बाजारात विकला गेला तो आवाज निराळा; मी म्हणतो तो घरोघरच्या गोंधळाचा. गोंधळ्यांच्या रेणुकराई आणि कदमराई या दोन शाखांपैकी पहिलीचे दैवत माहूरची रेणुका. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घातला जातो तेव्हा दिवटी पेटवून, चौक मांडून, संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने देवदेवतांना आवाहन होते, मग गण, पदे, आख्यान असा तो विस्तार पहाटेपर्यंत चालतो. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यामुळे ही कला रंगमंचावर आणि दूरदेशी पोहोचली हे खरे. पण गावोगावच्या अप्रसिद्ध गोंधळ्याने अमुक घरी, अमुक रात्री, यजमानाच्या कुळाचा उल्लेख ओवीत गुंफून जे गायिले, ते पाच-सहा मिनिटांच्या गाण्यांच्या मापात बसणारे नव्हते. कोणा हौशी नातेवाइकाने टेपरेकॉर्डर समोर ठेवून ते साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवले, आणि पुढे कॅसेट अडकू लागली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचे दुकान गाठून ‘याची सीडी मारून द्या’ असे सांगितले. संतकवी विष्णुदासांचे वास्तव्य माहुरी होते. त्यांची पदे घरच्या जुन्या चालींवर म्हणणाऱ्या वृद्धांचे आवाजही असेच उतरले आहेत.

ही तबकडी म्हणजे फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांच्या संयुक्त परिश्रमाचे फळ. तिचे प्रमाण १९८० साली ठरले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानात विक्रीस आली. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी जेमतेम १.२ मिलिमीटर, परंतु पॉलिकार्बोनेटच्या त्या पारदर्शक चकतीवर आतून बाहेर उलगडत जाणारी जी सर्पिल रेषा असते, ती सरळ केली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. ध्वनीची लहर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, डाव्या आणि उजव्या बाजूचे प्रत्येक माप सोळा बिटांच्या आकड्यात लिहायचे, आणि ते आकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने त्या रेषेवर मांडायचे, अशी ही योजना आहे. वाचणारा लेसर किरण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त जातीचा. खळगा आणि सपाटी यांच्या सीमेवर त्याचे परावर्तन बदलते, त्या बदलातून आकडे आणि आकड्यांतून पुन्हा संबळ.

या योजनेतील मला सर्वाधिक स्तुत्य वाटणारा भाग म्हणजे चुकीची आगाऊ तजवीज. शहाणा शेतकरी सगळे धान्य एकाच कणगीत न ठेवता चार कणग्यांत वाटून ठेवतो, त्याप्रमाणे गाण्याच्या एका क्षणाचे आकडे रेषेवर एकापाठोपाठ न लिहिता दूरदूर विखुरले जातात आणि त्यांच्यासोबत पडताळ्याचे जादा आकडे ठेवले जातात. त्यामुळे रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरांपर्यंतचा तुकडा वाचता आला नाही तरी यंत्र उरलेल्यांवरून तो बिनचूक भरून काढते. त्यापलीकडे गेले की मात्र अंदाज सुरू होतो, आणि अंदाजही थकला की सीडी अडकते.

परंतु कारखान्यात ठशाने छापलेली सीडी आणि दुकानात ‘राइट’ केलेली सीडी या दिसायला बहिणी असल्या तरी त्यांची प्रकृती भिन्न आहे. पहिलीत खळगे प्लास्टिकमध्येच दाबलेले असून त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. दुसरीत, जी जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये पुढे आणली, खळगे नसतातच. तेथे सेंद्रिय रंगाचा एक लेप असतो, आणि लिहिणारा लेसर त्या लेपाला जागोजागी तापवून त्याचे गुणधर्म बदलतो. म्हणजे घरच्या गोंधळाचा दस्तऐवज शेवटी एका रंगावर लिहिलेला आहे, आणि रंगाला प्रकाशाचे व उष्णतेचे भय असते.

लिहिण्याआधीची सिद्धता ही या कलेतील खरी कसोटी. जुन्या कॅसेटचा आवाज घेण्यापूर्वी प्लेअरचे हेड कापसाच्या बोळ्याने आणि शुद्ध स्पिरिटने पुसावे, बाजूचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवून झांजेचा नाद सर्वांत लख्ख कोठे येतो ते पाहावे, आणि मगच संगणकाकडे तार जोडावी. येथे संबळ परीक्षा पाहते. गाणाऱ्याच्या गळ्यावर पातळी बेतली की वाकड्या काठीचा आघात होताच आकड्यांची वरची मर्यादा ओलांडली जाते, आणि अंकीय मुद्रणात मर्यादेपलीकडचा भाग छाटलाच जातो. आवाज फाटतो, तो पुढे कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. म्हणून ज्याला काम समजते तो आधी संपूर्ण कॅसेट ऐकून सर्वांत जोरकस आघात शोधतो आणि त्याच्याही वर थोडी जागा मोकळी ठेवतो. दुसरी गोष्ट खंडाची. गाण्यामागून गाणे तुटक लिहिले तर मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते आणि आख्यानाचा ओघ खुंटतो; संपूर्ण तबकडी एका दमात लिहिली तर खुणा पडतात, पण खंड पडत नाही. वेगाचीही घाई नसावी. मध्यम वेग बहुधा पथ्यकर असतो. आणि ज्या वर्षांत भारनियमनाने मराठवाड्याच्या गावांतील वीज तासन्‌तास जात असे, त्या वर्षांत निम्मी लिहिलेली सीडी वीज जाताच वाया जाई, त्यामुळे बॅटरीची सोय नसलेल्या ठिकाणी हे काम वीज राहण्याच्या वेळा पाहून करावे लागे.

निगेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि छापील बाजू पालथी करून टेबलावर सरकवतात. वस्तुतः चकचकीत बाजूकडून नोंदीपर्यंत एक मिलिमीटरहून अधिक प्लास्टिकचे कवच आहे, तर नावाच्या बाजूला केवळ लाखेचा पातळ पापुद्रा. खालचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, वरचा ओरखडा थेट परावर्तक थर उचकटतो, आणि तेथे मग वाचण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून बॉलपेनने नाव लिहू नये, कागदी चिकटपट्टी लावू नये; पाण्याच्या शाईचे मऊ मार्कर वापरावे, तेही मधल्या पारदर्शक कड्यापाशी. धूळ पुसायची तर मऊ सुती कापडाने, मध्यापासून काठाकडे सरळ. गोल गोल पुसताना खडा सापडला तर ओरखडा रेषेच्याच दिशेने जातो, आणि अडीच मिलिमीटरांची ती मुभा तत्काळ संपते. दंतमंजन किंवा टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय प्लास्टिकला बारीक घासतो. वाचतच नसलेल्या तबकडीवर शेवटचा प्रयत्न म्हणून तो ठीक, चांगलीवर कधीही नव्हे.

ऊन हा मोठा शत्रू. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकण्यासाठी दोरीला टांगलेल्या सीडी सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांतील एखादी काही महिन्यांनी हाती घेऊन आकाशाकडे धरावी, म्हणजे चंदेरी थर जागोजागी सुटून पलीकडचे कसे दिसू लागते ते कळेल. नांदेड जिल्ह्यातील वैशाख चाळीस अंशांच्या वर जातो, आणि मोटारीच्या काचेखाली राहिलेली सीडी त्याहून कितीतरी अधिक तापते. पावसाळ्याचा दमटपणाही निरुपद्रवी नाही. मध्य अमेरिकेतील बेलिझ येथून आणलेल्या सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे स्पॅनिश संशोधकांना २००१ मध्ये आढळले होते. तबकडी तिच्या कडक डबीत, उभी, अंधाऱ्या, कोरड्या आणि भिंतीला ऊन न लागणाऱ्या कपाटात असावी, इतकाच बंदोबस्त पुरे.

एवढे करूनही रंग कधीतरी फिका पडणारच, यास्तव नक्कल अपरिहार्य आहे. आणि सुदैव असे की, कॅसेटची प्रत मुळाहून उणी असते, परंतु सीडीवरचे आकडे अजून बिनचूक वाचले जात असतील तोवर तिची प्रत मुळाबरहुकूम निघते. दर दोन-तीन वर्षांनी तबकडी संपूर्ण वाजवून पाहावी, त्यातील ध्वनी संगणकाच्या दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवावा. नव्या लॅपटॉपांत सीडी घालण्याची सोयच राहिली नाही, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

आवाज वाचला तरी ओळख हरवू शकते. घराघरांतील कित्येक डब्यांवर ‘गोंधळ २’ याखेरीज अक्षर नसते. याउलट, पुण्याचे अभ्यासक गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या आज ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले सापडते, आणि त्या नोंदीमुळेच तो संग्रह अभ्यासाला उपयोगी पडतो. माहूरच्या परिसरासाठी असे नावानिशीवार दफ्तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने उघडावे, अशी माझी मनापासूनची सूचना आहे. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी: गोंधळी कोण, गाव कोणते, कोणाच्या घरचे कार्य, तिथी काय, मूळ कॅसेट कोणाकडे. दुरुस्त केलेला एक कॅसेट प्लेअर, एक चांगला सीडी ड्राइव्ह, दोन डिस्का आणि उन्हाळी सुट्टीत आपापल्या गावी जाणारे विद्यार्थी, एवढ्या भांडवलावर या कामाला येत्या चैत्रात आरंभ करता येईल.