सतार बोलेनाशी होते तेव्हा

मुलांनो, तुम्ही सतार पाहिली असेल. प्रत्यक्षात नसेल तर चित्रात तरी. उर्दूत आपण तिला 'सितार' म्हणतो. हा शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ 'तीन तारा' असा होतो. आजच्या सतारीला मात्र १८ ते २१ तारा असतात. हे वाद्य हातातून पडले तर बिघडते, हे कोणीही सांगेल. पण न पडता, न फुटता, रोज नीट वाजवूनही ते बिघडते, कारण ते झिजते. ही झीज मुख्यतः दोन ठिकाणी होते. एक पडद्यांवर आणि दुसरी घोडीवर.

'पडदा' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. पण येथे तो खिडकीचा पडदा नव्हे. सतारीच्या लांब दांडीवर पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या कमानदार पट्ट्या आडव्या बांधलेल्या असतात. त्यांना पडदे म्हणतात. ते बहुधा १९ किंवा २० असतात. वादक डाव्या हाताच्या बोटाने तार पडद्यावर दाबतो आणि उजव्या हाताच्या नखीने, म्हणजे आपल्या 'मिजराब'ने, ती छेडतो. पुष्कळदा तो दाबलेली तार पडद्यावरूनच बाजूला ओढतो. त्यामुळे स्वर न तुटता वर चढत जातो. याला 'मींड' म्हणतात. मींड कानाला फार गोड लागते, पण पडद्याला ती महागात पडते. तार पोलादाची असते आणि पोलाद पितळेपेक्षा कठीण. विहिरीच्या काठाला दोराने घळ पडावी, तशी पडद्यावर तारेने बारीक खाच पडते. मग तार ओढताना अडखळते आणि स्वर खरखरतो.

खाच उथळ असेल तर कारागीर बारीक कानस पडद्याच्या कमानीवरून हलक्या हाताने फिरवतो. नंतर पॉलिश पेपरने घासून पडदा गुळगुळीत करतो. येथे एक अडचण असते. घासलेला पडदा किंचित बुटका होतो. तो शेजारच्या पडद्यापेक्षा बुटका झाला, तर तेथे दाबलेली तार शेजारच्या पडद्याला टेकून झणझणते. म्हणून एकाच पडद्याकडे पाहून चालत नाही. सगळ्या रांगेची उंची जुळवावी लागते. खाच खोल असेल तर पडदाच बदलतात. गिटारच्या पट्ट्या लाकडात ठोकून बसवलेल्या असतात, म्हणून त्या उपटणे जिकिरीचे असते. सतारीचा पडदा मात्र दोऱ्याने बांधलेला असतो. दोरा सोडला की तो मोकळा होतो. नवा पडदा बांधल्यावर तो वर-खाली सरकवून त्याची जागा कानाने ठरवतात.

घोडीचे काम याहून अवघड आहे. भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिच्यावर एक लहानसा चौरंग दिसतो. त्याला घोडी म्हणतात. सगळ्या मुख्य तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनच्या घोडीची कड पातळ असते. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. त्यातूनच सतारीचा तो झंकार निर्माण होतो. या गुणाला आणि त्या माथ्यालाही 'जवारी' म्हणतात. झंकार मोकळा, चमकदार असेल तर ती खुली जवारी. आटोपशीर असेल तर बंद जवारी. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली असे, तर उस्ताद विलायत खाँ यांना बंद जवारी पसंत होती.

तारांच्या घर्षणाने या माथ्यावरही खाचा पडतात. मग तार खाचेत रुतून बसते आणि आवाज बसका किंवा कर्कश होतो. घरचे लोक म्हणतात, 'सतार जुनी झाली', आणि ती माळ्यावर जाते. खरे तर वाद्य चांगलेच असते, फक्त जवारी गेलेली असते!

जवारी काढायची म्हणजे तारा सैल करून घोडी काढायची, तिचा माथा खाचा जाईपर्यंत घासायचा, घोडी परत बसवून तार चढवायची आणि ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. एका पडद्यावर झंकार आला आणि दुसऱ्यावर नाही, असे नेहमी घडते. यात तास-दोन तास सहज जातात. आणि हाडाचा जेवढा भुगा झाला, तेवढा परत चिकटवता येत नाही. त्यामुळे घाईचा हात येथे उपयोगाचा नाही. पूर्वी या माथ्यासाठी हस्तिदंत आणि हरणाचे शिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून त्यांच्या व्यापारावर बंधने आली. आता उंटाचे हाड, शिसवीसारखे कठीण काळे लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

महाराष्ट्रात हे काम मिरजेत पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार होते. 'शिकलगार' म्हणजे शस्त्रांना धार आणि चकाकी देणारा. उर्दूतील 'सैकल' या शब्दाशी त्याचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी घटली, तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. तलवारीवर फिरणारा हात घोडीवर फिरू लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तुमच्या घरी किंवा शेजारी सतार असेल तर वाजवण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा. वाजवून झाल्यावर तारा मऊ कापडाने पुसा. गंजलेली तार कानशीसारखी पडदा खाते, म्हणून ती वेळीच बदला. पडद्यावर नख आडवे फिरवून पाहा; खाच असेल तर नख अडते. एवढे तुम्हांला करता येईल. घोडीला मात्र पॉलिश पेपर लावू नका. ती गुंडाळून कारागिराकडे न्या आणि तो परवानगी देईल तर जवळ बसा. तो घासेल, तार चढवेल, एकदाच छेडेल, मान हलवेल आणि तार पुन्हा उतरवेल.