पाचवी गोळी आली कुठून?

शहरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधखर्चाचा विषय निघाला की बोलणं गोळीच्या भावावर येऊन थांबतं. सरकारी उपायही भावाचेच: आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत आणि २००८ पासूनची जनऔषधी केंद्रं. ते कामाचे आहेतच. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. महिन्याच्या महिन्याला केमिस्टकडे जाणारा पैसा घरातूनच जातो. हा आकडा भावाइतकाच गोळ्यांच्या संख्येवर ठरतो, आणि ती मोजायला कुणी बसलेलं नसतं.

संख्या कशी वाढते ते बघा. बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. औषध चांगलं आणि स्वस्त, पण काहींच्या घोट्यांवर त्याने सूज येते. दुसरा डॉक्टर सूज बघून लघवी वाढवणारी गोळी देतो. ही सूज पाणी साचून आलेली नसल्याने ती फारशी हटत नाही, मात्र रात्री चारदा उठावं लागतं आणि रक्तातलं युरिक अॅसिड चढतं. मग अंगठा ठणकतो, तिसरा डॉक्टर त्यावर गोळी लिहितो, वेदनाशामक जोडतो आणि पोटासाठी अॅसिडिटीची कॅप्सूलही. वेदनाशामकाने बीपी पुन्हा वाढू शकतं, हे वेगळंच! प्रत्येक चिठ्ठी आपल्यापुरती बरोबर असते. गावात एकच डॉक्टर असण्याची अडचण मोठी, पण शहरात हृदयाचा, हाडांचा, पोटाचा असे वेगवेगळे डॉक्टर परवडतात म्हणूनच हा गुंता होतो.

यावर रास्त आक्षेप असा की, हे वाचून लोक बीपी-शुगरच्या गोळ्याच सोडतील. धोका खरा आहे; न सोसणाऱ्या खर्चापायी एक दिवसाआड गोळी घेणारेही असतात, आणि त्यांना कमी नव्हे, नेमानं औषध हवं. म्हणून काटछाट डॉक्टरनंच करायची. सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरपुढे ओतायच्या आणि प्रत्येकीचं कारण विचारायचं. बीटा-ब्लॉकर किंवा झोपेची गोळी बंद करायची ठरलीच, तर ती एकदम नाही, हळूहळू कमी करावी लागते.