डोहाळजेवणाचा आहेर आणि औषधालय

डोहाळजेवणाला उपयुक्त काय द्यावे, असे नातलग औषधालयात विचारतात, तेव्हा विक्रेत्याची यादी हाच वैद्यकीय सल्ला ठरतो. मातेसाठी प्रसूतीनंतरच्या अभ्यंगास बला तैल, बाळासाठी मऊ सुती दुपटी, लंगोट आणि तापमापक एवढे पुरे. जन्मापूर्वी बाळाचे कपडे न घेण्याची रीत पाळणाऱ्यांचा आहेर नोंदवून ठेवावा व प्रसूतीनंतर पोहोचवावा. मध मात्र यादीत नसावा. पहिल्या वर्षात त्यातील जिवाणूबीजांमुळे बोटुलिझम संभवतो. चाटणाच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वैद्यांनीही हे विसरू नये. काजळात शिसे असू शकते, तेही वगळावे. दुधाची बाटली आकर्षक वेष्टनात खपविण्याचा मोह होतो. परंतु १९९२ च्या कायद्याने तिच्या जाहिरातीस मनाई आहे.