विश्लेषण : महायुद्धात मुंबईत लष्करी ट्रक जोडले गेले, मग भारतीय कारखान्याला नकार का?

पांढरकवड्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर कधी कधी ट्रकची नुसती चासी धावताना दिसते. चालक डोक्याला रुमाल बांधून उघड्यावर बसलेला. चासी एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याच्या शेडमधली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रकही याच पद्धतीने तयार होत आणि त्याचे एक मोठे केंद्र मुंबईत होते.

ट्रक खोक्यांतून का आले?

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याने सुमारे ६४ हजार वाहने फ्रान्समध्येच सोडली. बेडफर्ड, ऑस्टिन, मॉरिस या ब्रिटिश कंपन्यांना एवढी तूट एकट्याने भरून काढता येणे कठीण होते. मग भिस्त कॅनडावर आली. तेथील फोर्ड आणि जनरल मोटर्स ब्रिटिश लष्कराच्या मापाचे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे ट्रक बनवू लागल्या. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली.

अख्खा ट्रक जहाजात चढवला तर निम्मी जागा हवाच खाते. म्हणून भाग सुटे करून लाकडी खोक्यांत भरले जात. यालाच ‘सीकेडी’ म्हणतात. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीत १९२८ पासून होताच, फोर्डचाही मुंबईत होता. तिथे चौकटीवर अॅक्सल, इंजिन, गिअरबॉक्स, केबिन चढे. हौदा, फाळके, ताडपत्रीच्या कमानी इथेच बनवणे सोयीचे होते. हौद्यात अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी चालते. इंजिनच्या सिलिंडरमध्ये केसाएवढाही फरक चालत नाही. खरी मेख इथेच आहे.

कॅनडाहून आलेल्या चासींवर टाटानगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चिलखती सांगाडेही चढले. अशी साडेचार हजारांहून अधिक वाहने तयार झाली. म्हणजे कारागीर होते, पोलादही होते.

वालचंद यांना नकार का?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना युद्धाआधीच मांडली होती. वालचंद हिराचंद यांनी ती उचलली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली. मुंबईतील बाळ गंगाधर खेर यांचे सरकारही अनुकूल होते. दिल्लीतील ब्रिटिश सरकारने मात्र हा उद्योग युद्धकार्यात मोडत नाही, असे ठरवले. यंत्रसामग्री आणि डॉलर दोन्ही सरकारच्या ताब्यात असल्याने विषय तिथेच अडला. बंगळुरूतील विमान कारखान्याला याच वालचंद यांना १९४० मध्ये परवानगी मिळाली, हे विशेष. सैन्याला ट्रकची निकड असताना ट्रक बनवणे युद्धकार्य नव्हे, हा तर्क आज वाचतानाही पटत नाही.

पुढे काय झाले?

वालचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात १९४७ मध्ये काम सुरू झाले, तेही आधी जुळणीचेच. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर केंद्राने अट घातली : सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल, त्यांनीच थांबावे. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.