हलका दिवस हलकाच हवा
(सहनशक्तीचा हिशेब : लेखांक ६)

नुसत्या किलोमीटरवरून सरावाचा भार कळत नाही, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. मरीन ड्राइव्हवरचे सपाट दहा किलोमीटर आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातले चढाचे दहा किलोमीटर वहीत सारखेच दिसतात. पायांना मात्र फरक कळतो. मग मोजायचं काय? अमेरिकी संशोधक कार्ल फोस्टर यांनी रुळवलेल्या पद्धतीला घड्याळ आणि प्रामाणिकपणा एवढंच लागतं. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं : आजचा सराव एकंदर किती जड गेला? शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. तासभर धावलात आणि उत्तर पाच आलं, तर भार ३००. अर्धा तास थांबायचं ते अशासाठी, की लगेच विचारलं तर फक्त शेवटचा किलोमीटर आठवतो. अपुरी झोप, ऑक्टोबरचा उकाडा, ऑफिसातली दगदग हेही त्या उत्तरात आपोआप उतरतं, म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

आता दोन आठवडे शेजारी ठेवून पाहू. पहिल्यात सहा दिवस रोज ३०० आणि एक दिवस सुट्टी. दुसऱ्यात सोमवारपासून १२०, ४८०, १२०, ३६०, सुट्टी, १२० आणि रविवारी लांब पल्ल्याचे ६००. दोन्हींची बेरीज १८००. फोस्टर यांनी १९९८ साली इथेच पुढचं पाऊल टाकलं. रोजच्या भाराच्या सरासरीला त्याच आकड्यांच्या प्रमाण विचलनाने भागायचं. येतो तो आठवड्याचा एकसुरीपणा. पहिल्या आठवड्यात तो २.२७ येतो, दुसऱ्यात १.१५. एकसुरीपणाला एकूण भाराने गुणलं की ताण मिळतो : पहिल्यात जवळपास ४१००, दुसऱ्यात २०७०. घाम तेवढाच गाळला, ताण मात्र दुप्पट. खेळाडूंची किरकोळ आजारपणं बरेचदा हे आकडे चढल्यानंतर येतात, असं फोस्टर यांना नोंदींमध्ये दिसलं. एकसुरीपणाचा आकडा दोनच्या वर जाऊ लागला, की आठवडा पुन्हा मांडावा असं मी सुचवेन.

या विचारामागे घोड्यांवरचा एक प्रयोग आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. शर्यतीच्या घोड्यांना एक दिवस जड, एक दिवस हलका असा सराव दिला जात होता. जड दिवस वाढवत नेले, घोड्यांनी ते पेललं. मग हलक्या दिवसांचा भार वाढवला आणि घोडे अतिसरावाची लक्षणं दाखवू लागले. म्हणजे मोडलं ते हलक्या दिवसांनी.

माणसांचंही तेच होतं. फोस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रशिक्षकांनी आखलेला सराव आणि खेळाडूंना तो कसा वाटला, हे ताडून पाहिलं. प्रशिक्षकाने हलका आखलेला दिवस खेळाडूंनी जड केला होता आणि जड दिवशी ते कमी पडले होते. सगळे दिवस मधोमध येऊन साचतात ते असे. आपल्याकडच्या पहाटेच्या रनिंग ग्रुपमध्ये हे नेहमी दिसतं. हलकं धावायचं ठरवून निघायचं, कोणीतरी पुढे जातो, मग मागे राहायला कोणाला आवडतं? तिथे मागे राहणं हाच त्या दिवसाचा सराव असतो, हे प्रशिक्षकांनी ठणकावून सांगायला हवं.

ओळखायची खूण सोपी आहे. हलक्या दिवशी शेजारच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करायचा, चढ आला तर सरळ चालायचं. अर्ध्या तासाने तीनच्या वर उत्तर आलं, तर त्या दिवशी ठरलेल्यापेक्षा जास्त झालं असं वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशीचा जड सराव पुढे ढकलायचा.

पुढच्या लेखांकात : शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत भार किती आणि कसा उतरवायचा.