जुन्या मोटारसायकलींचे पुनरुज्जीवन

जुन्या मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन म्हणजे बंद पडलेली किंवा जीर्ण झालेली मोटारसायकल तिचे मूळ स्वरूप शक्य तितके राखून पुन्हा रस्त्यावर चालण्यायोग्य करणे होय. साधी दुरुस्ती किंवा रंगरंगोटी यांहून ही प्रक्रिया वेगळी आहे. यंत्राची दुरुस्ती, मूळ भागांचे जतन, केलेल्या कामाची नोंद आणि कागदपत्रांची पूर्तता अशी तिची चार अंगे आहेत. कोल्हापूर परिसरात ओतकाम व यंत्रकाम यांची जुनी परंपरा असल्याने या कामास लागणारी बरीचशी कौशल्ये तेथे एकत्र आढळतात.

संज्ञा

बोलीभाषेत कोणत्याही जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हटले जाते. मात्र या शब्दाचा अर्थ संदर्भानुसार बदलतो. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानुसार किमान ३० वर्षे जुने, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ‘ऐतिहासिक’ ठरते. भारतीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ ठरण्यासाठी वाहनाच्या पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा लागतो. त्यामुळे १९८५ मध्ये भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० ही गाडी लोकांच्या दृष्टीने जुनी असली, तरी कायद्याच्या दृष्टीने अद्याप व्हिंटेज नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पुनरुज्जीवनासाठी येणाऱ्या मोटारसायकलींमध्ये बुलेट, जावा, येझदी आणि राजदूत या गाड्या ठळकपणे आढळतात. बुलेटच्या उत्पादनासाठी १९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे ‘एनफिल्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील कंपनी फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये सुरू केली. त्यांचे आडनाव आणि ‘वांडरर’ ही जर्मन कंपनी यांच्या आद्याक्षरांपासून ‘जावा’ हे नाव तयार झाले. म्हैसूर येथील ‘आयडियल जावा’ कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्या ‘येझदी’ या नावाने विकल्या गेल्या आणि १९९६ मध्ये तेथील उत्पादन थांबले. राजदूत १७५ ही गाडी पोलंडमधील आराखड्यावर आधारलेली असून ती ‘एस्कॉर्ट्स’ कंपनी तयार करीत असे.

कोल्हापूरचा संदर्भ

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर हा परिसर ऑइल इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ओतकाम यांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींमध्ये या उद्योगाचा विस्तार झाला. शेतीच्या पंपासाठी बसवलेले एक सिलिंडरचे ऑइल इंजिन आणि एक सिलिंडरची मोटारसायकल यांच्या दुरुस्तीत बरेच साम्य आहे. सिलिंडरला बोअर करणे, क्रँकची पिन बदलणे, लेथवर बुश उतरवणे, तुटलेली ओतीव वस्तू सांधणे ही कामे दोन्हींकडे लागतात. ज्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले आहेत, त्यांच्या बाबतीत नमुन्यावरून भाग घडवून देणारा कारागीर निर्णायक ठरतो.

येथील हवामान मात्र जुन्या धातूस प्रतिकूल आहे. पावसाळ्यातील दीर्घकाळच्या दमट हवेमुळे उघड्या गोठ्यात किंवा पडवीत ठेवलेल्या गाडीची टाकी, रिम आणि सायलेन्सर गंजतात.

प्रक्रिया

तपासणी व नोंद : गाडी खोलण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात. वायरींचे मार्ग, वॉशरांचा क्रम आणि नट-बोल्टांच्या जागा लिहून ठेवल्या जातात. चासी व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहणे हे पहिले महत्त्वाचे काम होय. रंग काढताना वाळूचा मारा केल्यास हे ठोकलेले अंक झिजतात, तर जाड पावडर कोटिंगखाली ते बुजतात. अंक नाहीसे झाल्यास गाडीची कायदेशीर ओळख सिद्ध करणे अवघड होते. म्हणून तेवढा भाग आधीच झाकून ठेवतात.

इंजिन : अनेक वर्षे बंद असलेल्या गाडीस थेट किक मारणे धोक्याचे असते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असल्यास त्या तुटतात व सिलिंडरवर ओरखडे पडतात. त्यामुळे प्लग काढून आत पातळ तेल सोडतात आणि काही काळाने इंजिन हाताने हळूहळू फिरवतात. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ही मापे साधारणपणे ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढतात. प्रत्येक बोअरगणिक सिलिंडरची भिंत पातळ होत असल्याने आवश्यक तेवढाच टप्पा निवडला जातो.

जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत क्रँकच्या ऑइल सीलना विशेष महत्त्व असते. वाळलेल्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरली की पेट्रोलचे मिश्रण विरळ होते, पिस्टन अतोनात तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. या गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. उदाहरणार्थ, १:२५ या प्रमाणासाठी ५ लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल लागते.

इंधनव्यवस्था : टाकीतील गंज काढल्याशिवाय कार्ब्युरेटर साफ करून उपयोग होत नाही, सुटलेले कण पुन्हा जेटमध्ये अडकतात. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरलेली असते व वेल्डिंगच्या वेळी तिचा स्फोट होऊ शकतो. सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीचे रबर त्यामुळे फुगते किंवा ठिसूळ होते. म्हणून पेट्रोलची नळी व वॉशर इथेनॉल सहन करणारे निवडावे लागतात. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे हितावह असते.

विद्युतव्यवस्था : या काळातील बहुतेक गाड्यांची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची असून ठिणगी ‘पॉइंट’द्वारे नियंत्रित होते. पॉइंटमधील अंतर साधारणपणे ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. कडक झालेल्या वायरी बदलताना मूळ रंगसंगती पाळल्यास पुढील दुरुस्ती सुलभ होते.

ब्रेक व चाके : जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असल्याने ड्रम हवेच्या झोताने साफ न करता ओल्या फडक्याने पुसतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबराचे वय पाहावे लागते. २००० सालानंतरच्या टायरवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवितात.

चाचणी : नव्याने बोअर केलेल्या इंजिनावर सुरुवातीस अधिक भार देत नाहीत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाकडे व ब्रेक डाव्या पायाकडे असतो. त्यामुळे आधुनिक गाडीची सवय असलेल्या चालकाने प्रथम मोकळ्या मैदानात सराव करणे आवश्यक ठरते.

पुरात बुडालेल्या गाड्या

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेला आलेल्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही आणि त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढणे, इंजिन व गिअरबॉक्समधील तेल पूर्णपणे बदलणे आणि बेअरिंगमध्ये शिरलेला बारीक गाळ धुऊन काढणे हा योग्य क्रम होय. हे काम जितके लांबेल तितका आतील गंज वाढत जातो.

कायदेशीर बाजू

खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही लागते. कोल्हापूर प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा सांकेतिक क्रमांक एमएच ०९ आहे.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर राहिलेली गाडी ही पुनरुज्जीवनातील नेहमीची अडचण असते. मूळ मालकाच्या निधनानंतर वारसाने नमुना ३१ मध्ये अर्ज करून मालकी हस्तांतरित करून घ्यावी लागते. वारसांत एकमत नसल्यास किंवा मूळ प्रमाणपत्र हरवले असल्यास यंत्र सुस्थितीत येऊनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे खर्चास हात घालण्यापूर्वी कागदपत्रे तपासणे इष्ट असते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार पात्र दुचाकीस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. चासी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या वर्गात बसत नाही. अशी नोंदणी झालेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज वाहनांची रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर नेता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही.

मूळपणाचा प्रश्न

पुनरुज्जीवन किती करावे, याविषयी दोन दृष्टिकोन आहेत. एका मतानुसार गाडी कारखान्यातून निघाली तशी नवी दिसली पाहिजे. दुसऱ्या मतानुसार जुना रंग, झिजलेले पायदान, हाताने रंगवलेली क्रमांकपट्टी हाही तिच्या इतिहासाचा भाग असून तो पुसून टाकू नये. दुसरे मत मानणारे ब्रेक, टायर आणि वायरी यांसारख्या सुरक्षिततेशी निगडित गोष्टी नव्या बसवतात, परंतु टिकण्याजोगा मूळ भाग बदलत नाहीत. रंग पुन्हा केव्हाही देता येतो. एकदा खरवडलेला मूळ रंग मात्र परत मिळत नाही. म्हणूनच काढलेले जुने भाग फेकून न देता खुणेची चिठ्ठी लावून जपून ठेवण्याचा आणि कोणता भाग केव्हा बदलला याची वही ठेवण्याचा प्रघात आहे. गाडी पुढील पिढीकडे जाताना ही वही नोंदणी प्रमाणपत्राबरोबर दिली जाते.