दोन तारांवर जगणारा फोन

नव्वदच्या दशकातला बटणांचा साधा लँडलाइन फोन खालचे स्क्रू काढून उघडला, की आत फारसे काही दिसत नाही. तळहाताएवढे सर्किट, थोडे कपॅसिटर, चंदेरी डबीसारखा एक क्रिस्टल आणि दोन-तीन काळ्या चिप. त्याआधीच्या काळ्या, जड फोनमध्ये घंटेच्या दोन वाट्या, तांब्याच्या तारेची वेटोळी, स्प्रिंग, दातेरी चाके असा मोठा संसार असे. म्हणून नवा फोन हातात घेताच ‘यात आहे काय, नुसते प्लास्टिक’ असे घरोघरी म्हटले गेले. मला मात्र त्या रिकामेपणाचे कायम अप्रूप वाटत आले आहे. जड फोनची सगळी कामे या चिपनी उचलली, आणि तीही एक्स्चेंजकडून दोन तारांतून जेवढी वीज पोचेल तेवढ्यातच भागवून. या फोनविषयी जे गैरसमज अजून ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर त्या दोन तारांतच आहे.

‘लँडलाइनला वीज लागत नाही’

लागते. फक्त ती आपल्या मीटरमधून जात नाही. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टचा बॅटऱ्यांचा संच असतो आणि तिथून प्रत्येक घरापर्यंत तांब्याची एक जोडी येते. रिसीव्हर जागेवर असतो तेव्हा तारांवर जवळपास पूर्ण ४८ व्होल्ट असतात, पण प्रवाह जवळजवळ शून्य. रिसीव्हर उचलला की हुकचा स्विच जुळतो, साधारण २० ते ६० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि फोनपाशी जेमतेम सहा ते दहा व्होल्ट उरतात. हा प्रवाह सुरू झाला म्हणजे कोणीतरी फोन उचलला, असे एक्स्चेंजला कळते आणि मग डायलटोन येतो. गावात दिवे गेले तरी फोन चालू राहायचा, तो या बॅटऱ्यांमुळे.

खरी अडचण पुढे आहे. याच दोन तारांतून फोनला वीज घ्यायची, त्यांवरूनच आपला आवाज पाठवायचा, समोरच्याचा घ्यायचा, नंबरही त्यांवरच फिरवायचा. आवाज म्हणजे या वीजपुरवठ्यावर उठणारी बारीकशी लहर. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक यंत्रात पुरवठा स्थिर ठेवण्यासाठी मोठा कपॅसिटर सरळ तारांवर टाकतात. इथे तसे केले तर तो आवाजच गिळून टाकील. म्हणून बोलण्याच्या चिपला, म्हणजे स्पीच आयसीला, दोन वेगळी रूपे घ्यावी लागतात. स्थिर प्रवाहाला ती कमी रोध दाखवते आणि आवाजाच्या लहरींना सुमारे ६०० ओहम. फिलिप्स कंपनीची टीईए१०६२ ही सोळा पायांची चिप या कामासाठी जगभर वापरली गेली. तिच्यापाशी अवघे १.६ व्होल्ट उरले तरी ती काम करते. हा आकडा महत्त्वाचा का, ते एकाच लाइनवर दोन फोन लावलेल्या घरांना ठाऊक असेल. वरच्या मजल्यावरचा फोन उचलला की खालच्याचा आवाज बारीक होतो. लोक त्याला फोनचा दोष समजत, पण एकाचे ताट दोघांनी वाटून घेतलेले असते, एवढेच. चिप चांगली असेल तर त्या अर्ध्या ताटावरही बोलणे चालू राहते.

‘बटणे आली म्हणजे टोन आला’

हा सर्वांत पसरलेला समज. आपल्याकडे बटणांचे फोन आले तेव्हा पुष्कळ एक्स्चेंज जुन्या यांत्रिक पद्धतीची होती आणि त्यांना टोन कळतच नसे. त्यांना कळायचे ते फक्त प्रवाह तुटणे. चकतीचा फोन सेकंदाला दहा वेळा प्रवाह तोडतो: ३ फिरवला की तीनदा, ९ फिरवला की नऊदा आणि ० फिरवला की दहादा. बटणांच्या फोनमधली डायलर चिप अशा एक्स्चेंजसमोर हेच काम करायची. आपण पाच सेकंदांत सगळी बटणे दाबून मोकळे व्हायचो, चिप ते आकडे साठवून ठेवायची आणि मग सावकाश, एकेक करून, मध्ये योग्य तेवढे थांबत प्रवाह तोडायची. रिसीव्हरमध्ये बराच वेळ टिकटिक ऐकू यायची, ती हीच. पुण्याच्या ०२० या कोडसाठी दहा, दोन आणि दहा असे बावीस ठोके, म्हणजे नुसत्या ठोक्यांचेच दोन सेकंदांहून अधिक. फोनच्या बुडाशी ‘पी’ आणि ‘टी’ अशी अक्षरे असलेला जो छोटा स्विच असे, तो पल्स आणि टोन यांतली निवड करण्यासाठी. नवे एक्स्चेंज आल्यावरही तो स्विच ‘पी’वरच राहिलेली घरे मी पाहिली आहेत.

फोन वापरू नये म्हणून चकतीला छोटे कुलूप लावायची रीत इथेच आठवते. कुलूप लावले की फोन बंद, हाही गैरसमजच होता. नंबर म्हणजे प्रवाह तोडणे, आणि प्रवाह तर हुकनेही तुटतो. त्यामुळे हुक ठरावीक लयीत टकटकवला की कुलूपबंद फोनवरूनही नंबर लागायचा. ज्या मुलांना ही युक्ती सापडली, त्यांना टेलिफोनचे मूळ तत्त्व कळले होते असे मी मानतो.

आता टोनविषयी. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत बेल कंपनीने ही सेवा ग्राहकांसाठी सुरू केली. प्रत्येक बटणाला एक सूर नसतो, दोन असतात: एक आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदमच वाजतात. दोन का? कारण माणसाच्या बोलण्यात, गाण्यात, शिट्टीत एखादा सूर योगायोगाने जुळू शकतो, पण नेमके हेच दोन सूर एकदम आणि तेही स्वच्छ येणे फार अवघड. शिवाय एका सुराची पट दुसऱ्यात मिसळणार नाही अशा बेताने हे आकडे निवडलेले आहेत. उंच सूर थोडा मोठा ठेवतात, कारण लांब तारेत उंच सूरच आधी मंदावतो.

सुरुवातीच्या टोन फोनमध्ये हे सूर तारेची वेटोळी, कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर यांतून काढत. चिप आल्यावर ती वेटोळी गेली आणि तो चंदेरी क्रिस्टल आला. त्यावर बहुधा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ असा चमत्कारिक आकडा असतो. तो टेलिफोनसाठी काढलेला नाहीच. अमेरिकन रंगीत टीव्हीतल्या रंगांच्या संकेताची ती कंपनसंख्या आहे. टीव्हीसाठी असे क्रिस्टल ढिगाने बनत असल्यामुळे ते स्वस्त होते, म्हणून डायलर चिप बनवणाऱ्यांनी तेच उचलले. चिप त्या कंपनांना पूर्ण संख्यांनी भागून सगळे सूर तयार करते. भागाकार तंतोतंत जुळत नाही, थोडी चूक राहते, पण एक्स्चेंजला दीड टक्क्यापर्यंतची चूक चालवून घ्यावी लागते आणि ही चूक त्याच्या बरीच आत असते. आपला भारतीय रंगीत टीव्ही वेगळ्या आकड्यावर चालायचा, पण महाराष्ट्रातल्या घरांतल्या फोनमध्ये मात्र अमेरिकन टीव्हीचे हे स्पंदन राहत होते.

बटण दाबल्यावर कानात येणारे ‘टूं’ हे केवळ आपल्या समाधानासाठी असते, असेही काहींना वाटते. कानात येतो तो खऱ्या संकेताचाच हळू केलेला अंश. तेवढा वेळ डायलर चिप स्पीच चिपला इशारा देऊन माइक बंद करते, म्हणजे घरातला टीव्ही किंवा कुकरची शिट्टी त्या सुरांत मिसळत नाही.

‘लांबचा फोन आहे, जोरात बोल’

ट्रंक कॉलच्या काळात हे खोटे नव्हते. ती सवय मात्र पुढे उरली, आणि तिच्यासोबत एक समजही: नागपूरला बोलताना आवाज जास्त क्षीण होतो, शेजारच्या गल्लीत बोलताना कमी. प्रत्यक्षात शहरांच्या मधल्या मार्गावर आवाजाची भरपाई एक्स्चेंज करतात. आवाज झिजतो तो आपल्या घरापासून आपल्याच एक्स्चेंजपर्यंतच्या तारेत, आणि तसाच पलीकडच्या घराच्या तारेत.

ही झीज चिपला मोजता येते, आणि ज्या रीतीने ती मोजते ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तार लांब असली तर रोध जास्त, म्हणून फोनला मिळणारा प्रवाह कमी. प्रवाह कमी म्हणजे एक्स्चेंज लांब. निराळे विचारायची गरजच नाही. फोन ज्या प्रवाहावर जगतो, तोच अंतर सांगतो. टीईए१०६२ची आखणी अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेवर बेतलेली आहे. अशा जोडीचा रोध किलोमीटरला १७६ ओहम आणि आवाजाची घट किलोमीटरला सरासरी १.२ डेसिबल धरली, तर पाच किलोमीटरला सुमारे सहा डेसिबल घट होते, म्हणजे लहरीची उंची जवळपास निम्मी होते. एक्स्चेंजला खेटून असलेल्या घरात चिप आपले वर्धन, माइकचेही आणि कानाचेही, साधारण तेवढेच उतरवते. लांबच्या वस्तीत ते पूर्ण ठेवते. दोन्ही घरांतून निघालेला आवाज एक्स्चेंजला सारख्याच ताकदीने पोचतो. यावर आणखी ओरडले तर आवाज मोठा होत नाही, फाटतो. तारेवर लहरीला हलायला जागाच मोजक्या व्होल्टची असते.

‘माझाच आवाज मला ऐकू येतो, लाइन खराब आहे’

रिसीव्हरच्या दोरीत चार तारा असतात, दोन माइकच्या आणि दोन कानाच्या. भिंतीतून येतात फक्त दोन. चारांचे दोन करताना आपलाच आवाज आपल्या कानात शिरणार हे ठरलेले. जुन्या फोनमध्ये तो रोखण्याचे काम वेटोळ्यांचे होते. चिप ते रोधांच्या तराजूने करते: बाहेरच्या तारेसारखी एक प्रतिकृती आत ठेवायची आणि दोन्हींकडे गेलेला आपला आवाज एकमेकांतून वजा करायचा. तार प्रत्येक घराची वेगळी, म्हणून वजाबाकी पूर्ण होत नाही. आणि ती पूर्ण व्हावी अशी इच्छाही नसते. आपला आवाज अजिबात आला नाही तर फोन मेल्यासारखा वाटतो, माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत आवाज चढवतो. फार आला तर नकळत हळू बोलू लागतो. थोडासा अंश मुद्दाम राखलेला असतो.

‘दोन थपडा मारल्या की आवाज येतो’

काळ्या फोनच्या बाबतीत हे खरे होते. त्याच्या माइकमध्ये कोळशाचे कण असत. आवाजाने ते दाबले-सैल होत आणि प्रवाह तसा हेलकावे खाई. कण दमटपणाने किंवा वर्षानुवर्षांच्या वापराने चिकटून बसले की थपडेने मोकळे होत. हा माइक स्वतःच आवाज मोठा करत असे, म्हणून त्या फोनला चिपची गरज भासली नाही. नंतरच्या फोनमध्ये इलेक्ट्रेट माइक आला. १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो तयार केला. तो स्वस्त, बारीक, स्वच्छ, पण त्याचा संकेत इतका दुबळा की स्पीच चिपला तो शेकडो पट वाढवावा लागतो. त्यात हलवण्यासारखे कण नाहीत. थपडेने काही झालेच तर टाका सुटतो.

वळीव गडगडायला लागला की ‘रिसीव्हर खाली ठेव’ असे सांगण्याची पद्धत आहे. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती योग्यच. पण ठेवलेला फोन सुरक्षित असतो हे मात्र खरे नाही. घंटा वाजायची तर घंटेच्या चिपला रिसीव्हर खाली असतानाच तारेवर हजर राहावे लागते, कारण ७५ व्होल्टच्या आसपासची रिंगची लहर तेव्हाच येते. विजेचा झटकाही त्याच वाटेने येतो. जुनी घंटा तारेच्या वेटोळ्यांची, ती सोसायची. चिप सोसत नाही. कडकडाट सुरू होण्याआधीच तार भिंतीतून काढावी.

तारा उलट्या जोडल्याने फोन जळतो, ही भीती मात्र सोडून द्यावी. आत शिरताच चार डायोडचा पूल असतो, तो दिशा सरळ करून देतो. काही जुन्या अमेरिकन टोन फोनमध्ये हा पूल नव्हता. त्यांच्या तारा उलटल्या तर बोलणे चालायचे, बटणे मुकी व्हायची. आणि शेवटचा नंबर लक्षात ठेवणाऱ्या रिडायलला बॅटरी लागत नाही. ठेवलेल्या फोनमधूनही मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह झिरपू दिलेला असतो, चिपच्या स्मृतीला तेवढा पुरतो.

‘चिप आहे म्हणजे फोन डिजिटल’

डायलर चिप आकडे मोजते, साठवते, हे ठीक. बोलण्याची चिप पूर्णपणे ॲनालॉग आहे. आपला आवाज घरापासून एक्स्चेंजपर्यंत लहरीच्याच रूपात जातो. डिजिटल एक्स्चेंजमध्ये, आपल्या लाइनच्या कार्डावर, त्याचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, प्रत्येक आठ बिटांचा. त्याआधी एक गाळणी ३४०० हर्ट्झच्या वरचे सारे कापते. ‘स’चा सूं-सूं बहुतेक त्याच्या वरचाच. म्हणूनच आडनाव सांगताना ‘स सशातला, फ फणसातला’ असे म्हणावे लागते आणि फोन कितीही भारी घेतला तरी ते टळत नाही.

आता अनेक घरांत तांब्याची जोडी जाऊन काचेची फायबर आली आहे आणि जुना फोन तिच्या मोडेमला जोडलेला आहे. काचेतून वीज येत नाही. एक्स्चेंजमधल्या लाइन कार्डाचे काम आता घरातला तो डबा करतो, फोनला लागणारा प्रवाहही तोच पुरवतो, रिंगही तोच देतो. चिपला हा फरक फक्त एवढाच जाणवतो की एक्स्चेंज हाताच्या अंतरावर आले. डब्याचा ॲडॉप्टर मात्र घरच्या विजेवर आहे. दिवे गेल्यावरही फोन चालायला हवा असेल, तर त्या डब्याला इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावे लागेल.